परग्रहावरचा शेजारी आणि वधस्तंभ

शाळेत मी विज्ञान शिकवत होते आणि रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या तरुण संघाचा बायबल अभ्यास घेत होते. शाळेतून निवृत्त झाले, तरुण संघाचं काम अजून चालू आहे. या दोन्ही ठिकाणी एक प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा आला. दुसऱ्या एखाद्या ग्रहावर जीव सापडले, आपल्यासारखा विचार करणारे सापडले, तर येशू ख्रिस्त त्यांचाही तारणारा का? काहींनी तो माझी परीक्षा घ्यायला विचारला, काहींनी खरोखर अस्वस्थ होऊन. उत्तर शोधता शोधता मी जुने धर्मपंडित वाचले, खगोलशास्त्र वाचलं, ओळखीच्या फादरांशी आणि आमच्या पाळकसाहेबांशी वाद घातले. त्यातून जे हाती लागलं ते क्रमानं लिहिते. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही, पण हा विषय मला जिवाभावाचा आहे.

१. हा प्रश्न दुर्बिणीच्या आधीचा आहे

तरुणांना वाटतं की हा प्रश्न नासानं उभा केला आणि चर्च त्यापुढे गांगरून गेलं. म्हणून या लेखाची सुरुवात मी १२७७ सालापासून करते. त्या वर्षी ७ मार्चला पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी २१९ विधानं निषिद्ध ठरवली. त्यांतलं एक असं होतं की देव एकाहून अधिक जगं निर्माण करूच शकत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या भौतिकशास्त्राप्रमाणे जग एकच, कारण सगळ्या मातीची ओढ एकाच केंद्राकडे असते. बिशपांना दुसरी जगं आहेत असं सांगायचं नव्हतं. देवाला काय जमणार नाही हे माणसानं ठरवू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. पण त्या आग्रहामुळे विद्यापीठांत दुसऱ्या जगांबद्दल मोकळेपणानं बोलायला जागा झाली.

१४४० मध्ये निकोलस ऑफ क्यूसा यांनी आपल्या ग्रंथात इतर ताऱ्यांवरही रहिवासी असावेत असं लिहिलं. पुढे त्यांना कार्डिनल करण्यात आलं. त्याच शतकात गियोम द वोरुइयों या फ्रान्सिस्कन पंडितानं थेट विचारलं की दुसऱ्या जगात माणसं असतील तर ख्रिस्ताचं मरण त्यांना पुरेल का. गॅलिलिओनं आकाशाकडे दुर्बीण वळवण्याच्या दीडशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

इथे कोणीतरी जोर्दानो ब्रुनोचं नाव काढतंच, आणि काढावंच. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये त्याला जिवंत जाळलं. त्याच्यावरच्या आरोपांत अनेक जगांची कल्पना होती, पण त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व नाकारल्याचे आरोपही होते. एवढं सांगून मी थांबते आणि पुढे म्हणते की आरोप कोणताही असो, जाळणं हे पाप होतं. इतिहासाची गुंतागुंत समजावून सांगताना ते पाप लहान करायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलं आहे.

२. गाठ उत्पत्तीत नाही, वधस्तंभात आहे

बहुतेक लोक उत्पत्तीचं पहिलं पान उघडतात आणि विचारतात, इथे परग्रहाचा उल्लेख कुठे आहे? नाहीच. तिथे अमेरिकेचाही उल्लेख नाही. सृष्टीच्या शिकवणीला परक्या जीवांची अडचण कधीच नव्हती. ज्यानं आकाश आणि पृथ्वी केली त्यानं आणखी काय केलं असेल ते केलं असेल.

खरी गाठ पुढे आहे. लूथरचे सहकारी फिलिप मेलांख्थन यांना ती नीट दिसली होती. १५४९ च्या भौतिकशास्त्रावरच्या पुस्तकात त्यांनी दुसरी जगं नाकारली, आणि त्याचं कारण खगोलशास्त्रीय नव्हतं. देवाचा पुत्र एकच, तो एकदाच आला, एकदाच मेला, एकदाच उठला. मग दुसऱ्या जगात तो पुन्हा पुन्हा मरतो अशी कल्पना करता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद. सुमारे अडीचशे वर्षांनी, १७९४ मध्ये, टॉमस पेननं हाच युक्तिवाद उलटा वापरला. त्याचं म्हणणं असं की असंख्य जगं तर दिसतातच आहेत, तेव्हा एका लहान ग्रहावर देव मरतो ही श्रद्धाच हास्यास्पद ठरते. एक श्रद्धेचा रक्षक, दुसरा तिचा टीकाकार, आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: अनेक जगं आणि एक वधस्तंभ एकत्र नांदू शकत नाहीत.

मी बराच काळ यावर घालवला आहे. मला ते एकमतच तपासण्यासारखं वाटतं. अनेक जगं मान्य केली तर ख्रिस्ती माणसापुढे तीन वाटा राहतात. पहिली, त्या जीवांना तारणाची गरजच नाही, कारण ते पापात पडलेच नाहीत. सी. एस. लुइस यांनी १९४३ च्या ‘पेरेलांद्रा’ या कादंबरीत शुक्र ग्रहावर असं निष्पाप जग उभं केलं आहे. दुसरी, इथल्या एका वधस्तंभानं त्यांचंही तारण झालं. वोरुइयों यांचं उत्तर हेच होतं: ख्रिस्ताचं मरण अगणित जगांनाही पुरेल, त्यानं तिथे पुन्हा मरायला जाणं शोभणारं नाही. तिसरी, देवाच्या पुत्रानं तिथेही त्यांच्यातला एक होऊन जन्म घेतला. विसाव्या शतकात पॉल टिलिक आणि ई. एल. मॅस्कल या धर्मपंडितांनी ही वाट गांभीर्यानं घेतली. तिन्ही वाटा श्रद्धेच्या अंगणातल्याच आहेत, हे कळल्यावर वर्गातल्या कित्येक मुलांच्या मनावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं आहे.

३. ‘पलीकडे कोणी नाही’ असं म्हणण्याची घाई चर्चनं पूर्वी केली आहे

संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचं नगर’ या ग्रंथाच्या सोळाव्या भागात पृथ्वीच्या विरुद्ध बाजूला माणसं राहतात हे म्हणणं फेटाळलं. त्यांचं कारण असं की सगळी माणसं आदामाची संतती, आणि मधला अफाट महासागर ओलांडून तिथे कोणी पोचलं असेल हे संभवत नाही. ७४८ मध्ये पोप झकारिया यांनी, पृथ्वीखाली दुसरं जग आणि दुसरी माणसं आहेत असं शिकवल्याच्या तक्रारीवरून, व्हर्जिल नावाच्या आयरिश धर्मगुरूवर कारवाईची भाषा केली. तोच व्हर्जिल पुढे साल्झबर्गचा बिशप झाला आणि १२३३ मध्ये संत म्हणून घोषित झाला.

त्या बाजूला माणसं होती. ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत ती हजारो वर्षं राहत होती. ती आदामाची लेकरं आहेत का यावर इकडे वाद चालला असताना तिकडे आया मुलांना झोपवत होत्या. ऑगस्टीन यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, पण परमेश्वराच्या घरात किती खोल्या आहेत ते आपल्या नकाशावरून ठरवू नये, हे मी त्यांच्याच पानावरून शिकले.

४. ‘त्यांना आत्मा आहे का’ हा पहिला प्रश्न नको

हा धडा मला पुस्तकांपेक्षा घरातून जास्त मिळाला.

आधी पुस्तकातलं सांगते. कोलंबसनंतर अमेरिकेत उतरलेल्या स्पॅनिश वसाहतवाद्यांना तिथल्या लोकांची जमीन आणि मेहनत हवी होती. हे लोक पूर्ण माणूस आहेत का, हा प्रश्न त्या हव्यासाला सोयीचा होता. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी ‘सुब्लिमिस देउस’ हे आज्ञापत्र काढून स्पष्ट केलं की ही खरी माणसं आहेत, विश्वास ठेवायला समर्थ आहेत, त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. तरी लूट चालूच राहिली. १५५० आणि १५५१ मध्ये स्पेनमधल्या वायादोलिद इथे बार्तोलोमे दे लास कासास आणि सेपुल्वेदा यांचा प्रसिद्ध वाद झाला. सेपुल्वेदा विद्वान होता. काही माणसं जन्मतःच गुलामीसाठी असतात हे तो अ‍ॅरिस्टॉटलच्या आधारे मांडत होता. लास कासास अमेरिकेत अनेक वर्षं राहून आलेला, डोळ्यांनी अत्याचार पाहिलेला धर्मगुरू होता.

आता घरातलं. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झालं. पुढे नगर जिल्ह्यातल्या गावोगाव मंडळ्या उभ्या राहिल्या त्या मोठ्या प्रमाणात महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून. माझं घराणं त्यांतलंच. माझी आजी सांगायची, लहानपणी तिला गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नसे. वरून कोणीतरी पाणी ओतेपर्यंत घागर घेऊन खाली उभं राहावं लागे. देवाच्या दृष्टीनं हे कोण आहेत, हा प्रश्न आमच्या आजी-पणजोबांबद्दल शतकानुशतकं विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांना उत्तर ऐकायचं नव्हतं.

म्हणून परग्रहावरच्या बुद्धिमान जीवाबद्दल एखादा तरुण जेव्हा विचारतो, ‘बाई, त्यांना आत्मा असेल का?’, तेव्हा मी त्याला आधी आजीची विहीर सांगते. मग विचारते, तू हे का विचारतोस? त्यांच्याशी कसं वागायचं ते ठरवण्यासाठी विचारत असशील, तर क्रम उलटा झाला आहे. देव त्यांच्याशी कसा वागला आहे हे देवाच्या अखत्यारीतलं. आपण त्यांच्याशी कसं वागू हे आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाची जात, गाव, धर्म यांतलं काहीच कोणी विचारत नाही. धर्मशास्त्राच्या जाड ग्रंथांत ही बाजू फार थोड्या जागेत आटोपलेली दिसते आणि त्याचं मला वाईट वाटतं. अवतार एक की अनेक यावर पानंच्या पानं असतात. आपल्या हातून त्यांचं काय होईल यावर एखादा परिच्छेद.

लुइस यांना मात्र ही भीती पुरेपूर जाणवली होती. १९५८ मधल्या एका निबंधात त्यांनी असा विचार मांडला की ग्रहताऱ्यांमधली अफाट अंतरं ही कदाचित देवानं घातलेली विलगीकरणाची मर्यादा असेल, पतित माणसाचा संसर्ग इतरांना होऊ नये म्हणून. करोनाच्या काळानंतर हा विचार वर्गात समजावून सांगावा लागत नाही.

५. बातमीवर उपदेश उभारू नये

१९९६ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेल्या मंगळावरून आलेल्या अशनीत सूक्ष्मजीवांच्या खुणा असल्याची घोषणा झाली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष त्यावर बोलले. नंतर बहुतेक शास्त्रज्ञांनी त्या खुणांची निर्जीव कारणं मान्य केली. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटानं १२४ प्रकाशवर्षं दूर असलेल्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या खुणा असाव्यात असं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींपासून येतो. इतर गटांनी तीच निरीक्षणं तपासून शंका घेतल्या.

आपल्याकडचं उदाहरण मला अधिक जवळचं आहे. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. तिच्यात सूक्ष्मजीव मिळाले. २००५ च्या दुसऱ्या प्रयोगातून तीन नवे जीवाणू निघाले; एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं, एकाला इस्रोचं आणि एकाला आर्यभटाचं नाव दिलं. ते जीव अवकाशातून आले हे त्यावरून सिद्ध होत नाही, हेही त्यांच्याबरोबरच सांगितलं गेलं. नारळीकर श्रद्धावान म्हणून ओळखले जात नव्हते. पण पुराव्याहून एक पाऊलही पुढे न जाण्याची ती शिस्त मला भक्तीइतकीच पवित्र वाटते, आणि व्यासपीठावरून बोलणाऱ्यांनी ती शिकावी असं मनापासून वाटतं. अशी प्रत्येक बातमी आली की एखादा उपदेशक ती सैतानाची फसवणूक ठरवतो आणि दुसरा तीत भविष्यवाणीची पूर्तता पाहतो. वर्षभरात बातमी विरते, ऐकणाऱ्यांचा मात्र दोघांवरचाही विश्वास उडालेला असतो.

श्रद्धा कोसळेल ही भीतीही बरीचशी बाहेरूनच घातली जाते. बर्कलीचे लूथरन धर्मपंडित टेड पीटर्स यांनी वेगवेगळ्या धर्मांच्या आणि धर्म न मानणाऱ्या लोकांची पाहणी केली होती. परग्रहवासी सापडले तर माझी श्रद्धा डगमगणार नाही, असं बहुसंख्य श्रद्धावानांनी सांगितलं. धर्माचं काही खरं नाही, असं भाकीत करण्यात धर्म न मानणारे पुढे होते.

६. ‘एकदाच का?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात टाळता येत नाही

आमच्या सोसायटीत माझी एक मैत्रीण आहे, वारकरी घरातली. तिला मी या वाचनाबद्दल सांगत होते. ती सहज म्हणाली, ‘अगं ताई, यात अडचण ती काय? आमच्याकडे देव पुन्हा पुन्हा येतो. तुमच्या देवानं तिकडे दुसऱ्यांदा जायला कोणाची परवानगी घ्यायची?’

युरोपात लिहिलेल्या कुठल्याही पुस्तकानं मला या प्रश्नाला इतक्या थेट उभं केलं नव्हतं. मी तिला जे सांगितलं ते असं. आमच्या शिकवणीत देवाचा पुत्र माणसाचं शरीर धारण करतो ते काम झाल्यावर उतरवून ठेवण्यासाठी नाही. पुनरुत्थानानंतर थोमाला दाखवलेल्या जखमा त्याच शरीरावर होत्या आणि स्वर्गारोहणही त्याच शरीरानं झालं. ४५१ च्या खाल्केदोनच्या परिषदेनं ठरवलं की तो पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहे, आणि हे दोन्ही त्याच्यात मिसळलेलेही नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. मरियेचा मुलगा असणं हे आता देवाच्या पुत्राचं कायमचं नातं आहे. त्यामुळे ‘पुन्हा’ म्हणणं आमच्याकडे सोपं नाही. तो दुसऱ्या जगात जन्मला तर तोही जन्म कायमचा असेल, आणि एकच पुत्र दोन्हीकडचा रक्ताचा नातेवाईक असेल.

हे शक्य आहे का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न स्वतःच उभा करून त्याला होकार दिला आहे. त्यांच्यापुढे परग्रह नव्हते. दैवी व्यक्तीचं सामर्थ्य एका निर्मित स्वभावात संपून जात नाही, म्हणून ती दुसराही धारण करू शकते, असं त्यांचं म्हणणं. याच धाग्यावर अँड्र्यू डेव्हिसन यांनी २०२३ मध्ये ज्योतिर्जीवशास्त्र आणि ख्रिस्ती शिकवण यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे आणि ते अँग्लिकन धर्मगुरूही आहेत. अनेक देहधारणा देवाच्या प्रेमाला शोभून दिसतील, असा त्यांचा कल आहे. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी यांचा एक मुद्दा याला बळ देतो. ख्रिस्तानं माणसाचं मन धारण केलंच नसतं तर मनाचं तारण राहून गेलं असतं, असं ते म्हणत. मग ज्या जीवांशी आपला कुठलाच देहसंबंध नाही, त्यांचा स्वभाव त्यानं कुठे धारण केला?

उलट बाजूही तितकीच भक्कम आहे. इब्री लोकांस पत्राचा सगळा भर ‘एकदाच’ यावर आहे. कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात वधस्तंभावरच्या रक्तानं झालेला समेट पृथ्वीवरच्या आणि स्वर्गातल्या सगळ्याशी जोडलेला आहे, त्याला सीमा घातलेली नाही.

मी कुठे उभी आहे? मी एका वधस्तंभावर विश्वास ठेवते. इथे जो मेला त्याच्याचद्वारे त्या दूरच्या दीर्घिका निर्माण झाल्या असतील, तर त्याच्या मरणाचा लाभ तिथे पोचायला प्रकाशाच्या वेगानं प्रवास करावा लागत नाही. पण तारण म्हणजे फक्त हिशेब चुकता होणं नव्हे. तो आमच्यासारखा दमला, त्यानं मित्रांबरोबर मासे खाल्ले, लाजाराच्या कबरीपाशी रडला. हे जवळ येणं मला तारणाचं हृदय वाटतं. एखाद्या दूरच्या ग्रहावरच्या जीवांना ते जवळ येणं त्यांच्या रूपात मिळालं असेल, तर त्याचा मला मत्सर वाटणार नाही. मी आनंदानं गुडघे टेकीन. ‘देव तसं करणारच नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून येणार नाही. १२७७ च्या बिशपांचा तेवढा आग्रह मी घेतला आहे.

मैत्रिणीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे तो नातं तोडत नाही, हे तुमचं म्हणणं.’ माझ्या लांबलचक विवेचनापेक्षा हे वाक्य नेमकं होतं.

७. लहान असणं हा युक्तिवाद नाही

खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीकडे विज्ञान दिनाच्या आसपास लोकांना प्रवेश असतो. तरुण संघाला घेऊन मी तिथे जाते. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, द्राक्षमळ्यांच्या मुलखात आकाशाकडे तोंड करून उभ्या. तिथे हमखास कोणीतरी म्हणतं की एवढ्या विश्वात आपली काय किंमत.

हीच हाय ग्लासगोमध्ये १८१५ च्या सुमारास ऐकू येत होती. टॉमस चाल्मर्स या पाळकांनी त्यावर आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारच्या वेळी व्याख्यानं दिली. चर्च ओसंडून वाहत असे. १८१७ मध्ये ती पुस्तकरूपानं आली आणि प्रचंड खपली. चाल्मर्स यांनी दुसरी जगं नाकारली नाहीत. त्यांनी दुर्बिणीशेजारी सूक्ष्मदर्शक ठेवला. एका यंत्रानं आपल्याला तुच्छ ठरवणारा विस्तार दाखवला, तर दुसऱ्यानं दाखवलं की पाण्याच्या थेंबातल्या जगाकडेही निर्मात्याचं तेवढंच लक्ष आहे. मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून एका हरवलेल्याच्या मागे जातो, तर त्या नव्याण्णवांत कोण कोण असेल, हा विचार त्यांनी आपल्या श्रोत्यांपुढे ठेवला.

८. कोणीच नसेल तरी चालेल

परग्रहवासी असलेच पाहिजेत, नाहीतर देवानं एवढी जागा वाया घालवली, असं म्हणणारे श्रद्धावानही भेटतात. त्यांना मी विल्यम ह्यूएल यांच्याकडे पाठवते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या या प्रमुखांनी १८५३ मध्ये निनावी पुस्तक लिहून दुसऱ्या जगांतल्या वस्तीवर शंका घेतली, आणि आधार घेतला भूगर्भशास्त्राचा. पृथ्वीच्या इतिहासातला बहुतेक काळ माणसाविना गेला. तो काळ वाया गेला असं आपण म्हणत नाही, मग माणसाविना असलेलं अंतराळ वाया का? डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञानं पुढच्याच वर्षी चिडून उत्तर लिहिलं. दोघंही मनापासून ख्रिस्ती होते. मला ह्यूएल यांचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो.

९. बाप्तिस्मा द्यायचा की नाही, हे त्यांना विचारायचं

मे २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सकाळच्या उपदेशात विचारलं की मंगळावरून कोणी आलं आणि बाप्तिस्मा मागितला तर काय कराल. त्या दिवशीचा पाठ प्रेषितांच्या कृत्यांतला होता: पेत्र कर्नेल्य या परजातीय शताधिपतीच्या घरी जातो आणि यरुशलेमातले लोक त्याला जाब विचारतात. पोपना मंगळाविषयी काही सांगायचं नव्हतं. दार कोण अडवतं हे सांगायचं होतं. त्याच वर्षी व्हॅटिकन वेधशाळेचे ब्रदर गाय कॉन्सोल्मान्यो आणि फादर पॉल म्युलर यांचं पुस्तक याच प्रश्नाचं शीर्षक घेऊन आलं. कॉन्सोल्मान्यो यांचं उत्तर सरळ आहे: मागितला तर. आधी २००८ मध्ये वेधशाळेचे तेव्हाचे संचालक फादर फ्युनेस यांनी परग्रहवासीयाला भाऊ म्हणता येईल असं सांगितलं होतं, असिसीच्या फ्रान्सिसनं सृष्टीला भाऊ-बहीण म्हटलं त्याच अर्थानं.

सप्टेंबर २०२५ पासून त्या वेधशाळेचे संचालक फादर रिचर्ड डिसूझा आहेत. पुण्यात जन्मलेले, गोव्याच्या जेझुइट प्रांतातले. देवयानी दीर्घिकेनं अब्जावधी वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका कशी गिळली, यावर त्यांचं संशोधन आहे. आमच्या तरुणांपुढे मी हे नाव मुद्दाम घेते. विज्ञान घ्यायचं की सेवा, अशा कात्रीत सापडलेली मुलं दर वर्षी माझ्याकडे येतात.

१०. बहुधा भाऊ भेटणार नाही, जीवाणू भेटेल

शेवटचा धडा मला सर्वांत उशिरा कळला आणि आता मी अभ्यासाची सुरुवातच त्याच्यापासून करते. सप्टेंबर २०२५ मध्ये नासानं सांगितलं की मंगळावरच्या जेझेरो विवरातल्या एका खडकात प्राचीन सूक्ष्मजीवांची असू शकेल अशी खूण सापडली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूजवळ पोचेल आणि युरोपा या त्याच्या चंद्राच्या बर्फाखालचा समुद्र जीवनाला अनुकूल आहे का ते पाहील. काही सापडलंच तर ते पाप करणारं, प्रार्थना करणारं नसेल. डोळ्यांना न दिसणारं असेल.

त्याच्याबद्दल आमच्या उपदेशांत काय आहे? जवळजवळ काही नाही. आमचं तारण माणसापाशी सुरू होतं आणि माणसापाशी संपतं. पण रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हत वाट पाहते आहे असं पौल म्हणतो, आणि ‘सगळी’ या शब्दाला त्यानं कुठे कुंपण घातलेलं नाही. आश्चर्य असं की त्या न दिसणाऱ्या जीवांची काळजी चर्चच्या आधी अभियंत्यांनी घेतली. गॅलिलिओ यानाचं इंधन संपत आलं तेव्हा ते चुकून युरोपावर आदळून तिथे पृथ्वीचे जंतू सोडेल, म्हणून २००३ मध्ये त्याला गुरूच्या वातावरणात जाळून टाकलं. १५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनी यानाला शनीत विसर्जित केलं, एन्सेलाडस आणि टायटन या शनीच्या चंद्रांना धोका नको म्हणून. तिथे कोणी आहे याचा पुरावा नव्हता. असेल, एवढ्या शक्यतेखातर त्यांनी वीस वर्षं जपलेलं यान सोडून दिलं.

येत्या वर्षीच्या अभ्यासक्रमात रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय आणि कॅसिनी मी एकाच रविवारी ठेवले आहेत. पाळकसाहेबांनी संमती दिली आहे, आणि त्या दिवशीचा उपदेशही याच विषयावर करायचं त्यांनी कबूल केलं आहे.